काकांचा ट्रक

साखळी, गोवा
३० नोव्हेंबर, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तासाभरापूर्वी कादंबरीची शेवटची ओळ लिहिली. एकूण ५०,२१४ शब्द झाले. आधी तुला फोनच लावणार होतो, पण जे सांगायचंय ते फोनवर धड जमणार नाही.

महिन्याभरात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायचा हा प्रघात १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात ख्रिस बेटी आणि त्याच्या मित्रांनी पाडला. २१ जण होते. पुढच्या वर्षी त्यांनी नोव्हेंबर महिना धरला, आणि मग जगभरातले लोक त्यात उतरले. हा प्रघात चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद पडली. तरी आम्ही चौघांनी ठरवलं, आपण बसायचंच. एक निवृत्त बाई, एक नर्स, एक कॉलेजातली मुलगी आणि मी. बाईंच्या बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, रोज संध्याकाळी सात वाजता. दिवसाला १,६६७ शब्द. चाळीस मिनिटांचा गजर लावायचा. तो वाजेपर्यंत बोलायचं नाही, खोडायचं नाही, मागचं वाचायचं नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला तेवढी सुट्टी घेतली. विठ्ठलापूरला वाळवंटीच्या काठी नौका बघायला सगळे मिळूनच गेलो.

माझा विषय तुला ठाऊक आहे, आपल्या गोव्यातल्या खाणी. किती वर्षं मी तो घोकतोय! दहा-बारा दिवस रेटून लिहिलं. २०१२ ची खाणबंदी, मग २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलेली खाणींची ८८ लीजं, धक्क्यावर रिकाम्या उभ्या खनिजाच्या बार्जी, थांबलेले ट्रक. सगळं खरं होतं, पण त्यात माणूस नव्हता. बाराव्या दिवशी वाचून दाखवलं. कुणी काही बोलेना. मग बाईंनी एवढंच विचारलं, "ट्रक कुणाचा होता रे?"

मला एकदम तुमचं अंगण दिसलं. काकांचा ट्रक, निळ्या ताडपत्रीखाली. बंदीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात काकूंनी कुंपणाशी लावलेला दुधीचा वेल त्याच्यावर चढला, आरशाला लटकून एक दुधी धरला, आणि काकांनी तो काढू दिला नाही. बँकेचा हप्ता चालूच होता. तरी रोज सकाळी ते केबिनमध्ये चढून इंजिन चालू करायचे, पाच मिनिटं तसेच बसायचे आणि उतरायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सांगायचे. आपण दोघं गेटापाशी उभे असायचो. त्यांच्याकडे बघायचा धीर तुलाही नव्हता आणि मलाही.

त्या संध्याकाळी गजर वाजला तरी मी थांबलो नाही. बाकीचे तिघं चहा न घेता माझ्यासाठी बसून राहिले. एकटा असतो तर घाबरून उठलो असतो, हे तुला मनापासून सांगतो. बाजूला तीन माणसं मान खाली घालून आपापलं लिहीत असली की पळून जाता येत नाही.

नाव बदललंय, गावही बदललंय. पण तो ट्रक, तो वेल आणि ती पाच मिनिटं तशीच आहेत. काका आज असते तर त्यांनाच विचारलं असतं. आता तुलाच विचारायचं.

सोबत पानं पाठवतोय. सातवं प्रकरण आधी वाच, जमलं तर काकूंनाही वाचून दाखव. तुम्हा दोघांपैकी कुणालाही नको वाटलं तर कळव. मी ते काढून टाकेन.

तुझाच
मित्र