रडरचा सर्व्हो

पक्या,

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, मी ठणठणीत. आता मुद्द्याचं ऐक.

रविवारी आपलं रिमोटचं एक्स्ट्रा विमान नाइफ-एजवर, म्हणजे एक पंख वर, एक खाली असं कुशीवर, घातलं. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ. रडर, म्हणजे शेपटीचं उभं पातं, पूर्ण दिला तरी नाक वर राहीना, विमान आडवंच खाली बसायला लागलं. थ्रॉटल वाढवला, तरी तेच. सरळ करून उतरवलं आणि तपासलं, तर रडर जमिनीवर शेवटपर्यंत वळतोय, पात्याला जोडणाऱ्या लिंकेजमध्ये ढिलाई नाही, गिअरचे दात शाबूत. म्हणजे हवेच्या दाबापुढे सर्व्होच, पातं वळवणारी ती छोटी मोटरच, मागे सरत होती. घरी सांगितलं, तर "उतरलं ना नीट?" एवढंच. त्यांचंही बरोबर आहे, पण म्हणूनच तुला लिहितोय.

खोक्यावर 20 किलो-सेंटिमीटर लिहिलंय, म्हणजे एक सेंटिमीटरवर 20 किलोचा जोर, पण ते 7.4 व्होल्टला. आपला बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून सर्व्होंना देणारा डबा, 6 व्होल्टचा, तिथे ताकद आधीच कमी. त्यात थ्रीडी कसरतींना पातं जास्त वळायला हवं म्हणून हॉर्न, म्हणजे सर्व्होवरचा दांडा, 4 सेंटिमीटरचा. पुरे 20 धरले तरी हॉर्नच्या टोकाशी 5 किलोच उरतात. शिवाय हा आकडा सर्व्हो थिजतो तिथला. तेवढा भार त्याच्यावर सतत टाकायचाच नसतो.

तू म्हणशील, "मी वेग बघ म्हणत होतो." अरे, तो वाद एलेरॉनचा, पंखावरच्या पात्यांचा होता! तिथे तुझंच खरं: 60 अंशांना 0.10 सेकंदाच्या आसपासचा सर्व्हो असला की रोल हवा तिथे थांबतो. एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीच्या आडव्या पात्याला, मला वेगापेक्षा अचूक मध्य हवा. स्टिक सोडली की दोन्ही अर्धे दरवेळी त्याच जागी परतले पाहिजेत, नाहीतर सरळ रेषेत उडवताना जन्मभर ट्रिमच करत बसायचं. डिजिटलचे जादा पैसे मी तिथे आनंदाने देईन. रडरला मात्र ताकद, आणि ताकदच.

अडतंय ते वजनापाशी. ताकदीचा सर्व्हो जड, आणि शेपटीत बसवला तर समतोलासाठी नाकात त्याहून जास्त वजन घालावं लागेल. माझा कल पुल-पुलकडे आहे: सर्व्हो पोटात, मागे दोन तारा. तारा सैल पडतात ही तुझी तक्रार मला पाठ आहे, पण ताण अधूनमधून बघणं मला नाकात शिसं भरण्यापेक्षा परवडतं.

दुसरं म्हणजे वीज. हाय व्होल्टेज सर्व्हो घेतले तर बीईसी काढून थेट दोन सेलच्या लिपोवर चालवता येतील. पण पूर्ण चार्ज झाल्यावर ती 8.4 व्होल्ट देते, म्हणजे पाचही सर्व्हो तेवढं सोसणारे हवेत. मग एकट्या रडरवर खर्च भागत नाही. बीईसीच ठेवायचा, तर मोठा लागेल. सगळे सर्व्हो एकदम ओढायला लागले आणि व्होल्टेज कोसळून रिसीव्हर बंद होऊन परत सुरू झाला, तर तेवढ्या वेळात विमान कुणाचंच नसतं. तू काय केलं असतंस? थातूरमातूर नको, नीट विचार करून लिही.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, धाकटीचं गाणं चालू आहे ना?

दिवाळीत येताना अॅल्युमिनियमचे हॉर्न आण. पण सर्व्होच्या दात्यांवर बसतील असे 25 दातांचे हं! मागल्या खेपेला 24 चे आणलेस आणि "थोडं दाबलं की बसतील" म्हणून तासभर भांडलास.

तुझा,
बंड्या