तबकडीवरून परतणारे क्ष-किरण

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, “ज्यातून प्रकाशच सुटत नाही, त्याचे तू पाहतेस तरी काय?” हा तुमचा प्रश्न त्या दिवशी फोनवर अर्धवट राहिला. त्याचे उत्तर दोन वाक्यांत उरकावे असे मला वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. दोघांनी मिळून सावकाश वाचा.

आम्ही पाहतो ती कृष्णविवराभोवती फिरणारी तप्त वायूची तबकडी. हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-१ हे कृष्णविवर सूर्याच्या सुमारे २१ पट वस्तुमानाचे आहे आणि शेजारच्या एका प्रचंड निळ्या ताऱ्याचे द्रव्य ते ओढून घेते. हे द्रव्य सरळ आत न पडता गरगरत, घर्षणाने तापत आत सरकते. विवराच्या अगदी जवळ अतितप्त इलेक्ट्रॉनांचा एक ढग असतो, त्याला कोरोना म्हणतात. तबकडीचा प्रकाश त्यात शिरला की ऊर्जा घेऊन क्ष-किरण होऊन बाहेर पडतो. त्यातले काही किरण थेट आपल्याकडे येतात, तर काही तबकडीवर पडून परततात, आणि माझे सारे काम या परतणाऱ्या किरणांचे आहे.

परतताना ते जसेच्या तसे येत नाहीत. आपल्या पडवीसमोरच्या जांभ्याच्या गडग्यावर दुपारचे पांढरे ऊन पडते आणि तांबडे होऊन परतते, कारण जांभ्यात लोह आहे. तबकडीतले लोहही तसाच आपला ठसा किरणांवर उमटवते. क्ष-किरणाने लोहाच्या अणूतला सर्वांत आतला इलेक्ट्रॉन उडवला की बाहेरचा त्याच्या जागी येतो आणि ६.४ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा किरण बाहेर पडतो. किरणांच्या ऊर्जेचा आलेख काढला की तो त्यात एका रेषेसारखा उठून दिसतो. प्रयोगशाळेत ही रेषा बारीक दिसते. विवराजवळ मात्र द्रव्य प्रकाशाच्या निम्म्या वेगापर्यंत फिरते आणि गुरुत्वाकर्षण किरणांची ऊर्जा खेचून घेते, त्यामुळे रेषा पसरते व कमी ऊर्जेच्या बाजूला तिला लांब शेपूट फुटते. जपानच्या आस्का उपग्रहाने १९९५ साली एका दूरच्या दीर्घिकेत अशी रेषा स्पष्ट दाखवली.

या शेपटीत खरी माहिती आहे. सिग्नस एक्स-१ स्वतःभोवती फिरत नसते, तर तबकडीची आतली कड केंद्रापासून सुमारे १८५ किलोमीटरवर थांबली असती. विवर जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल, तर ती चाळीसेक किलोमीटरपर्यंत आत जाते. शेपूट जितकी लांब, तितकी कड आत. इतक्या दूरच्या, न दिसणाऱ्या वस्तूची फिरकी अशी मोजता येते, याचे मला आजही मनापासून अप्रूप वाटते.

मात्र त्यासाठी आधी संगणकावर तबकडी उभारावी लागते: तिच्या प्रत्येक थराचे तापमान, अणूंनी किती इलेक्ट्रॉन गमावले, किरण कोणत्या कोनात बाहेर पडतो, हे सगळे. येथेच बरीच वर्षे एक गोष्ट खटकत होती. या गणितांत तबकडीची घनता बहुधा एका घनसेंटीमीटरला १०^१५ कण इतकी धरत, आणि मग निरीक्षणांशी मेळ घालताना लोहाचे प्रमाण सूर्याच्या कित्येक पट निघे. एवढे लोह तिथे यावे कोठून? सिग्नस एक्स-१ सारख्या लहान कृष्णविवरांच्या तबकड्या प्रत्यक्षात फार दाट असाव्यात. दाट वायूत कमी ऊर्जेचे किरण अधिक शोषले जातात, पृष्ठभाग तापतो आणि परतणाऱ्या प्रकाशाचा कमी ऊर्जेचा भाग वाढतो. हे गणितात नसल्याने सारा भार लोहाच्या प्रमाणावर पडत होता. २०१८ साली सिग्नस एक्स-१ साठी १०^२० च्या वर घनता धरून पाहिली, तेव्हा लोह सूर्याइतके धरूनही मेळ बसला. मी सध्या अशाच दाट तबकड्यांची गणिते करते. नुसता आलेख जुळला म्हणून प्रतिमान खरे मानू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यातल्या प्रत्येक आकड्याला भौतिक अर्थ असलाच पाहिजे.

हे क्ष-किरण वातावरणातून खाली पोहोचत नाहीत, म्हणून उपग्रह लागतात. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेले, ३ ते ८० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्ट टिपणारे उपकरण आहे. त्याची निरीक्षणे वापरताना मला विशेष आनंद होतो.

पाऊस सरला की ऑक्टोबरात रात्री आठच्या सुमारास अंगणातून डोक्यावर, किंचित उत्तरेकडे पाहा. हंसाच्या मानेच्या मध्यावर एक मंद तारा दिसेल. सिग्नस एक्स-१ त्याच्या अगदी लगत आहे. बाबा, होड्या पाहायची तुमची दुर्बीण चांगली असेल आणि रात्र काळोखी असेल, तर त्याचा तो निळा सोबती तारा बारीक ठिपक्यासारखा सापडू शकेल. आईलाही दाखवा, आणि दिसला की नाही ते मला कळवा.

तुमची,
लेक