ट्रेलरला ब्रेक कोणता, हे घाट आणि रिव्हर्स ठरवतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीप, पिकअप किंवा मोठ्या कारमागे ट्रेलर ओढणे आता आपल्या भागात नवलाईचे राहिलेले नाही. लग्नाचा जनरेटर, खाऊगाडी, शर्यतीची बैलजोडी, बंद पडलेली कार, सगळे ट्रेलरवर जाते. उद्यमबागेत किंवा मच्छेला ट्रेलर बांधून घेताना गिऱ्हाईक पत्र्याची जाडी, टायर आणि मागे नाव कोणत्या रंगात लिहायचे यावर तासभर बोलते. ब्रेकचा विषय मात्र ‘इलेक्ट्रिक की सर्ज? जो स्वस्त तो बसवा’ इथेच मिटतो. किमतीआधी एक प्रश्न विचारायला हवा: हा ट्रेलर चोर्ला, आंबोली, तवंदी हे घाट उतरणार आहे की बेळगाव-खानापूर-नंदगड एवढेच फिरणार आहे?

सर्ज ब्रेक ट्रेलरच्याच रेट्याने लागतो. दांड्याच्या टोकाचा कपलर आत-बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे ब्रेकच्या तेलाला दाब देणारा मास्टर सिलिंडर असतो. पुढच्या गाडीने वेग कमी केला की ट्रेलर पुढे रेटतो, कपलर आत दबतो, तेलाचा दाब चाकांपर्यंत जातो. गाडीतून ब्रेकसाठी वायर लागत नाही, ड्रायव्हरला काही सेट करावे लागत नाही आणि ओझे वाढले की रेटा वाढून ब्रेकही आपसूक जास्त लागतो. रचना साधी आणि हुशारीची आहे.

पण कपलरला कारण कळत नाही, त्याला फक्त दाब कळतो. ट्रेलर मागे घेताना गाडी त्याला ढकलते, तेव्हाही कपलर दबतो आणि चाके अडतात. सपाट डांबरावर कसेबसे निभावते. चढावर किंवा चिखलात गाडी जागची हलत नाही. त्यावर उपाय दोन. पहिला म्हणजे चाक मागे फिरताना आपोआप मोकळे होणारे शू (ड्रमला आतून घासून चाक अडवणाऱ्या पट्ट्या). दुसरा, रिव्हर्स लाइटच्या वायरवर चालणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेचा व्हॉल्व्ह, जो तेलाची वाट बंद करतो. आपल्याकडे यातले काहीच न करता कपलरला भोक पाडून एक पिन घालतात. रिव्हर्स झाल्यावर ती काढायची राहून गेली, की पुढचा सगळा प्रवास बिनब्रेकचा. शिवाय चढावर गाडी थांबून मागे घसरू लागली तर ट्रेलर गाडीला मागे ओढतो, कपलर ताणलेला राहतो आणि सर्ज ब्रेक लागतच नाही. तिथे गाडीचा हँडब्रेक आणि चाकाखालचा दगड, एवढ्यावरच भिस्त.

घाटात दुसरी गोष्ट होते. दर वीस फुटांना एक फूट उतार धरला, तर दोन टनांचा ट्रेलर साधारण शंभर किलोच्या रेट्याने जीपला ढकलत असतो. ताशी 30 किलोमीटरला तो रेटा पुरता अडवायचा म्हणजे आठ किलोवॉटच्या आसपास उष्णता, दोन किलोवॉटचे चार गिझर एकदम चालू ठेवल्यासारखी. शहाणा ड्रायव्हर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी धरतो. पण तेवढ्यानेही कपलर दबलेलाच राहतो आणि ट्रेलरचे शू घाट संपेपर्यंत ड्रमला घासत राहतात. त्यांना निवायला सवड मिळत नाही. शूवरचे लायनर तापून पकड सोडतात, आणि हे ड्रायव्हरला कळते ते नेमके जोराने ब्रेक दाबायची वेळ आल्यावर.

इलेक्ट्रिक ब्रेकमध्ये ड्रमच्या आत चुंबक असतो. वीज मिळाली की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या तोंडाला चिकटू पाहतो, सोबत ओढला जातो आणि त्याला जोडलेली तरफ शू फाकवते. किती वीज द्यायची ते ड्रायव्हरजवळचा कंट्रोलर ठरवतो. घाटात याचा फायदा असा, की इंजिनावर गाडी धरली असताना ट्रेलरचे ड्रम मोकळे फिरून निवतात. ब्रेक तीन-चार सेकंद ठाम दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. ट्रेलर मागे झोके घेऊ लागला तर कंट्रोलरवरची पट्टी हाताने सरकवून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावता येतो आणि गाडी-ट्रेलर एका रेषेत येतात. सर्जमध्ये ही सोय नाही.

म्हणून घाटाला इलेक्ट्रिक, हे आमचे स्पष्ट मत. मात्र त्याचे वायरिंग रेडिओ बसवल्यासारखे करून चालत नाही. दहा-बारा इंची ड्रमचा एक चुंबक साधारण 3 अँपिअर घेतो. दोन अॅक्सलच्या चार चाकांना 12. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आठ मीटर नेली आणि तशीच परत आणली, तर दोन व्होल्टच्या वर वाटेतच जातात आणि चुंबक अर्धवट पकडतो. चार चौरस मिलिमीटरची वायर घ्या, बॅटरीपासून थेट फीड आणि फ्यूज द्या. अर्थ, म्हणजे विजेची परतीची वाट, हुकाच्या गोळ्यावरून कधीच घेऊ नका, त्याची स्वतंत्र वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. ‘ब्रेक कधी लागतो, कधी लागत नाही’ अशी तक्रार आली की पहिला संशय याच अर्थवर घ्यावा. नंतर क्लॅम्प मीटर लावून ट्रेलरचा ब्रेक पूर्ण लावा आणि करंट मोजा: चार चाकांना 12 च्या जागी 9 दिसले तर एक चाक मेलेले आहे. चुंबकाचा रोध तीन-साडेतीन ओहमच्या आसपास असतो. करंट ठीक आणि पकड नाही, तर बेअरिंगचे ग्रीस शूवर उतरले आहे का पाहा. ग्रीस मुरलेला लायनर पुसून सुधारत नाही, बदलावाच लागतो.

कंट्रोलर ठरावीक वेळाने वीज वाढवणारा न घेता गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतो ते ओळखणारा घ्यावा. सेट करताना भरलेला ट्रेलर सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी 40 ला न्या आणि पट्टी पूर्ण सरकवा. चाके अडून घासटली तर गेन (कंट्रोलर ब्रेकला किती वीज देतो ते प्रमाण) थोडा कमी करा, पकडच जाणवली नाही तर वाढवा. चाके अडायच्या किंचित अलीकडे थांबा. रिकाम्या ट्रेलरला हा गेन पुन्हा उतरवावा लागतो, हे बहुतेकजण विसरतात. शूची जुळवणी चाक उचलून करायची: हाताने फिरेनासे होईपर्यंत स्टार व्हील (शू फाकवणारे दातेरी चाक) ताणायचे, मग दहाएक दाते सैल. नव्या शूची तीनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

दोन्ही प्रकारांत हूक सुटला तर ट्रेलर स्वतः थांबावा म्हणून ब्रेकअवेची तार असते. इलेक्ट्रिकमध्ये ती पिन ओढून ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीची वीज ब्रेकला देते, सर्जमध्ये मास्टर सिलिंडरचा दांडा ओढून धरते. ही तार हुकाला किंवा साखळीला बांधलेली सर्रास दिसते. हूक तुटून गेला की तारही त्याच्याबरोबर जाणार! ती गाडीच्या चासीला वेगळी अडकवावी, वळणावर ताणणार नाही एवढीच ढील ठेवून. आणि पावसाळाभर उभ्या ट्रेलरची ती छोटी बॅटरी दसऱ्याला बहुधा मेलेली असते.

सर्ज टाकाऊ मुळीच नाही. भाड्याने देण्याच्या ट्रेलरला, जो आज एका जीपमागे आणि उद्या दुसऱ्या पिकअपमागे लागतो, तोच बरा. प्रत्येक गाडीत कंट्रोलर कोण बसवणार? पाण्यात उतरणाऱ्या बोटीच्या ट्रेलरलाही सर्जच. फक्त तेल दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा ओढते, आणि हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. कपलरचा सरकता भाग गंजला की ब्रेक एकतर लागत नाही किंवा सुटत नाही. तिथे ग्रीस मारणे हे दर महिन्याचे काम.

आता उसाच्या ट्रॉलीबद्दल. जीपच्या ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक ट्रॉलीला बसवावेत का, हा प्रश्न हंगामाच्या तोंडावर हमखास निघतो. बारा इंची, दोन इंच रुंद शूचे नेहमीचे ड्रम एका अॅक्सलवर तीन टनांच्या थोडे वरपर्यंतच पुरतात. दहा टन भरलेल्या दोन अॅक्सलच्या ट्रॉलीत एका अॅक्सलवर पाच टन येतात, म्हणजे हिशेब तिथेच संपला. सर्जही नको, कारण फडात ट्रॉली मागे घेतल्याशिवाय भरणीच होत नाही, आणि डबल ट्रॉलीत पुढच्या कपलरवर दोन्ही ट्रॉल्यांचा रेटा येतो तर मागच्यावर एकीचाच. या वजनाला एअर ब्रेक किंवा ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवरचा ब्रेकच हवा, तोही दोन्ही ट्रॉल्यांना. मागची ट्रॉली मोकळी सोडली तर तीच पुढच्यांना रेटून आडवी करते. साखर कारखान्यांच्या शेती विभागाने वाहतुकीचा करार करताना आर.सी. आणि विम्याच्या कागदांबरोबर ट्रॉलीचा ब्रेक भरल्या वजनाने, उतारावर उभी करून तपासावा, एवढी आमची मागणी आहे.

आपले,
ट्रेलर बांधणी व दुरुस्ती करणारे कारागीर
उद्यमबाग, बेळगाव