चांदणी चौकाचा चढ आणि सायकलवाले काका

काका, परवा दुकानात थँक्यू म्हणायला आले होते पण गळाच दाटून आला, काहीतरी पुटपुटून निघाले. म्हणून लिहितेय. तुमच्या मुलाला सांगितलंय, वाचून दाखव म्हणून.

माझं घर कोथरूड डेपोजवळ आणि ऑफिस बावधनला. अंतर जेमतेम चारेक किलोमीटर, पण मध्ये चांदणी चौकाचा चढ. २०२३ मध्ये तिथे नवा पूल झाला, गाड्यांची सोय झाली, सायकलवाल्याला चढ तो चढच. एका मोठ्या चकचकीत दुकानात गेले होते तेव्हा तिथल्या पोरानं "चढ आहे ना मॅडम, मग हीच घ्या" म्हणत जाड टायरची, पुढे शॉकअपवाली जड सायकल गळ्यात मारली. माझी उंची पाच फूट एक इंच, फ्रेम मापाची आहे का एवढंही कुणी बघितलं नाही. दोनदा तक्रार घेऊन गेले तर म्हणे सवय होईल. मग रोज पायउतार व्हायचं, ढकलत न्यायची, मागून हॉर्न, आणि मनात एकच, की पंचेचाळिशी आली, आता आपल्यात दम राहिला नाही. आठ महिने मी हे स्वतःबद्दल खरं धरून चालले होते काका. पैसे गेल्याचं इतकं वाईट नाही वाटत, याचं वाटतं.

तुमच्याकडे मी फक्त पंक्चर काढायला आले होते. रोज कुठे जाता विचारलंत, आणि मग काही न बोलता माझ्या खांद्यावरची बॅग मागून घेतलीत आणि एका हातानं तोलून बघितलीत. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, छत्री. "हे सगळं पाठीवर घेऊन चढता?" बस, एवढंच बोललात. मी रोज काय वाहून नेते हे तोवर कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं, आणि तुम्ही ती बॅग हातात धरून उभे होतात, ग्रीस लागू नये म्हणून पट्ट्याला दोन बोटांनी धरून. ते अजून डोळ्यासमोरून जात नाही.

मग खडूनं एका दात्यावर खूण करून माझ्याकडूनच दाते मोजून घेतलेत. माझ्या सायकलला पुढे एकच ४४ दात्यांची चकती, मागे मोठ्यात मोठी २८ ची, म्हणजे चढावरसुद्धा पेडलच्या एका फेऱ्यात चाक दीड फेरा ओढायचं. तुमच्याकडच्या जुन्या हायब्रिड सायकलला पुढे २८ आणि मागे ३४, चाकाचा पुरता एक फेराही होत नाही, सावकाश पण चढते. आणि पुढे शॉकअप नाही, म्हणजे पायाचा जोर तो दाबण्यात वाया जात नाही. सीट वर घेतलीत, कॅरिअर लावलंत, जुन्या ट्यूबची पट्टी कापून बॅग बांधून दिलीत आणि म्हणालात, "दोन दिवस न्या, चढ चढून या, पैशांचं मग बघू." ना आधार कार्ड मागितलंत, ना डिपॉझिट. मोठ्या दुकानात पाणी विचारतात, एसी असतो, पण समोरच्या माणसावर असा भरवसा टाकायला काळीज लागतं आणि ते अजून आपल्याकडे छोट्या छोट्या दुकानांत शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाय न टेकता वर पोचले. चौकात कडेला थांबून आधी रडले, मग नवऱ्याला फोन केला.

शनिवारी ब्रेक आवळून घ्यायला येतेय, उतारावर जरा लांब थांबते. परवा ट्यूबच्या पट्टीचे पैसे घेतले नाहीत, निदान चहाचे तरी मला देऊ द्या.