मंगळवेढ्याची ज्वारी आणि चिकमगळूरची कॉफी

सोलापूर,
रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "पाव किलो कॉफीला साडेपाचशे? काय बे, कुणी फसवलं तुला?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तुझ्या दारात कुणीतरी आलं. ते उत्तर दोन दिवस मनात घोळतंय. फोनवर एवढं बोलणं होणार नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

आधी मला सांग, नागपूरला जाऊन तुला एवढी वर्षं झाली, तरी ज्वारी तू इथूनच का नेतोस? तिकडं ज्वारी मिळत नाही असं थोडंच आहे. पण दिवाळीला आलास की पोतं मंगळवेढ्याचंच गाडीत पडतं. त्या काळ्या रानात पावसाळ्यातली ओल धरून ठेवलेली असते, तिच्यावर आणि थंडीवर मालदांडी वाढते, आणि त्या भाकरीची गोडी दुसऱ्या ज्वारीला येत नाही, हे तुला न सांगता कळतं. आपण गाव विचारून धान्य घेणारी माणसं. कॉफीला मात्र मी चाळिशी ओलांडेपर्यंत कधी गाव विचारलं नाही. मी घेतली त्या कॉफीला 'सिंगल ओरिजिन' म्हणतात, ते एवढंच आहे: एका मळ्यातलं किंवा एका डोंगरपट्ट्यातलं बी, त्यात दुसरीकडचं काही मिसळलेलं नाही.

तुझ्या वाड्यातल्या कन्नड आजी द्यायच्या ती कॉफी मी विसरलेलो नाही. पितळी फिल्टर, वर दाट दूध, आणि वाटीत उलटा ठेवलेला पेला. ती कॉफी मला आजही आवडते. तिच्यात चिकोरी असायची, म्हणजे एका झाडाचं मूळ भाजून केलेली पूड. तिच्यामुळं रंग आणि दाटपणा येतो, दुधात चव टिकते. पण बी कुठल्या डोंगरावरचं, ते त्यातून कळत नाही. मला आता ते कळावंसं वाटतं.

ही ओढ लागली गेल्या जानेवारीत. गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, संपला आणि आम्ही दोघं चिकमगळूरला गेलो. उद्यान एक्सप्रेसनं रात्रभर, सकाळी बंगळूर, पुढं बस. आपल्या इथली उघडी माळरानं डोळ्यांत घेऊन गेलेल्या माणसाला तिथली सावली पाहूनच गार वाटतं. कॉफीची झाडं उंच झाडांच्या सावलीत वाढवतात. वर सिल्व्हर ओक, त्याच्या बुंध्यावर मिरीचे वेल, आणि खाली छातीएवढी कॉफी. एका मळ्यात तोडणी चालू होती. पिकलेलं फळ बोराएवढं, गडद लाल. तोडणाऱ्या बाईंनी एक माझ्या हातावर ठेवलं. दाबलं तर आतून दोन बिया निसटल्या, त्यांच्यावर गुळचट, बुळबुळीत थर. जिभेला कॉफीची चव अजिबात नाही, नुसतं गोड पाणी! एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी फळं शेजारी शेजारी होती, आणि त्या बाई फक्त लाल तेवढीच खुडत होत्या. बाकीच्यांसाठी पुन्हा दहा-पंधरा दिवसांनी त्याच झाडापाशी यायचं. अशा पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्चं बी मिळतं, आणि भाजताना त्यातलंही सहाव्या-सातव्या हिश्श्याचं वजन उडून जातं. साडेपाचशेचा हिशेब तिथं उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा कळला.

त्याच डोंगररांगेत बाबाबुडनगिरी आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि इथं रुजवल्या, अशी परंपरेनं चालत आलेली कथा. २०१९ मध्ये बाबाबुडनगिरीच्या अरेबिका प्रकारच्या कॉफीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच वर्षी चिकमगळूर, कोडगू आणि आंध्रातल्या अरकूच्या अरेबिकालाही मिळालं, वायनाडच्या रोबस्टा या दुसऱ्या प्रकारालाही. आपल्या चादरीला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आहे तेच हे मानांकन. त्या यादीत हे डोंगर पाहून मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आता घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण मी एकदा ठेच खाल्ली आहे. सुरुवातीला एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवली. पाकीट सोनेरी, वर मोठ्या अक्षरात 'प्रीमियम'. मळ्याचं नाव नाही, भाजल्याची तारीख नाही, फक्त 'अमुक महिन्यापर्यंत वापरा'. उघडलं तर बिया काळ्या कुळकुळीत, तेलानं चकाकणाऱ्या. आईनं ज्वारी बघते तशी एक बी दाताखाली धरली. लगेच भुगा झाला. म्हणाली, "करपवलंय हे." पुढं चांगलं पाकीट आलं तेव्हा तिनं तसंच केलं. बी फिकट तपकिरी, कोरडी, दाताखाली टणक. तिनं ती चावून चावून खाल्ली आणि म्हणाली, "ह्याला चव आहे." फार भाजलं की गावाची चव जाते आणि नुसत्या भाजणीची उरते. तिला हे कुणी सांगावं लागलं नाही.

तेव्हा पाकिटावर आधी भाजल्याची तारीख शोध. भाजल्यावर बियांतून बरेच दिवस वायू निघत राहतो, म्हणून पाकिटाला एकाच बाजूनं उघडणारी छोटी झडप असते. हलकी भाजलेली कॉफी आठ-दहा दिवसांनी खरी खुलते आणि पाकीट फोडल्यावर महिन्याभरात संपवावी. मग मळ्याचं नाव, समुद्रसपाटीपासून उंची आणि झाडाची जात बघ. चिकमगळूरकडं 'सिलेक्शन ७९५' पुष्कळ दिसेल, ती आपली जुनी भारतीय जात. बाळेहोन्नूरला १९२५ पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे, तिथलं हे काम.

आणि प्रक्रिया बघ, ती तर बघच. 'वॉश्ड' म्हणजे फळाची साल काढून, बी आंबवून, धुऊन वाळवलेली. तिची चव स्वच्छ, किंचित लिंबाकडं झुकणारी. 'नॅचरल' म्हणजे अख्खं फळच तीन-चार आठवडे वाळवायचं. आपल्याकडं द्राक्षाचा बेदाणा होतो ना, तसंच. म्हणूनच असेल, पहिल्यांदा नॅचरल प्यायलो तेव्हा मला थेट बेदाण्याचं खोकं उघडल्याचा वास आला. आमच्या हिला पिकल्या फणसाचा आला. त्यावर आम्ही अर्धा तास बोलत बसलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सकाळी असं निवांत बसणं फार दिवसांनी झालं.

पूड विकत घेऊ नकोस, बियाच घे. मिक्सरही नको. त्यात काही बियांचं पीठ होतं आणि काहींचे तुकडे राहतात. पीठ कडू उतरतं, तुकडे आंबट, आणि दोन्ही एका कपात येतात. हातानं फिरवायचा ग्राइंडर मिळतो, ते म्हणजे छोटं जातंच. दोन चकत्यांमधून सगळं सारखं दळलं जातं. जाडसर रव्याएवढं दळ. पंधरा ग्रॅम पुडीला दोनशे चाळीस मिली पाणी, उकळी मोडल्यावर अर्ध्या मिनिटानं. पूड कागदी गाळणीत घे आणि आधी थोडंच पाणी घाल, ती भिजेल एवढं. ताजी असेल तर ती तव्यावरच्या भाकरीसारखी फुगते. पाऊण मिनिट थांब आणि मग उरलेलं हळूहळू ओत. पाव किलोत असे सोळा कप होतात, म्हणजे कप पस्तीस रुपयांच्या आत. घरी, स्वतःच्या हातानं.

पाण्याचं राहिलंच. पहिले दोन महिने मी बोअरचं वापरत होतो आणि प्रत्येक कॉफी सपक लागत होती. एवढं चांगलं बी आणून असं का, म्हणून जीव हळहळायचा. मग लक्षात आलं की जड पाण्यातले क्षार कॉफीतली आंबट चव मारून टाकतात. आता फिल्टरचं पाणी घेतो, त्यात ओंजळभर नळाचं. पाणी बदललं त्या दिवशी पहिल्यांदा कपात संत्र्याच्या सालीची चव लागली. मी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

एप्रिलमध्ये इथं पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा बियांचा डबा मी ज्वारीच्या कोठीमागं अंधारात ठेवतो. तुझ्याकडंही ऊन कमी नाही, तू तसंच कर.

पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ कामासाठी नागपूरला येतोय. त्याच्याबरोबर कडक भाकरी, शेंगाचटणी, हातग्राइंडर आणि एक पाकीट पाठवतोय. मंगळवारी भाजलेली आहे, तेव्हा आणखी आठवडाभर फोडू नकोस. विक्रेत्यानं चवीचं वर्णन छापलंय, त्यावर मी कागद चिकटवलाय. पहिला कप काळाच पी, साखर न घालता, थोडा गार होऊ देऊन. आणि तुला काय लागलं ते लिहून पाठव. मला काय लागलं ते मी त्या कागदाच्या मागं लिहिलंय, पण ते नंतर बघ.

काकूंना नमस्कार. वहिनींना सांग, ग्राइंडर धुवायचा नाही, नुसता ब्रशनं झटकायचा.

तुझाच,
शाळेच्या बाकावरचा शेजारी