कॅनडातील विनिपेगच्या विमानतळावरील ताईंचे आभार
रेड आणि असिनिबॉइन नद्यांच्या संगमाजवळ गोठलेल्या पात्रावर स्केटिंग करणाऱ्यांवर माहितीपट करण्यासाठी आम्ही पुण्याचे विद्यार्थी जानेवारीत विनिपेगला उतरलो, तेव्हा गरम कपड्यांच्या बॅगा मागेच राहिल्या होत्या आणि बाहेर तापमान उणे 30 अंश होते. चौकशी कक्षातील ताई कामाची वेळ संपल्यावरही आमच्यासाठी थांबल्या. त्यांनी घरून जाड कोट व हातमोजे मागवले आणि प्रत्येकाच्या कोटाची चेन स्वतः गळ्यापर्यंत ओढून दिली. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरतात म्हणून त्या आतल्या खिशात अंगालगत ठेवाव्यात, आणि उबदार खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, म्हणजे दव काचेवर धरत नाही, हेही त्यांनीच समजावले. ताई, आपले नाव आम्हाला ठाऊक नाही; आपले मनःपूर्वक आभार.