बुडख्यांचे फोटो

इंदूर

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सागाच्या बुडख्यांचे फोटो पाहिले. झाडं गेली एवढं कळतं. चोरून की परवानगीने, ते कळत नाही. पुन्हा जाशील तेव्हा प्रत्येक बुडख्याचे तीन फोटो घे. एक लांबून, शेजारचा मुनारा (वनहद्दीचा खांब) किंवा उभं झाड त्यात येईल असा. दुसरा वरून, कापावर टेप ठेवून. तिसरा अगदी जमिनीलगत, आणि तोच सगळ्यांत मोलाचा. रीतसर तोडीत झाडाला आधी नंबर पडतो आणि बुंध्याशी, कापाच्या खाली, वनखात्याच्या हातोड्याचा ठप्पा बसतो. खोड गेलं तरी ती खूण मागे उरते. म्हणून चोर बुडखे मातीने झाकतात, जाळतातही. जुन्या ब्रशने साफ कर, कोयता लावू नकोस. ताजा घाव दिसला की समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.

घेर मोजलास तर जमिनीपासून किती उंचीवर, तेही लिही. खातं उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, 1.37 मीटरवर घेतं. बुडख्याचा त्याहून जास्त भरतो. दोन्ही आकडे एकाच रकान्यात गेले की सगळी यादी संशयात येते. कुऱ्हाडीच्या ढलप्या पडल्यात की करवतीचा भुसा, तेही बघ. भुसा पहिल्या पावसात वाहून जातो. सागाच्या बुडख्याला फुटवे येतात. त्यांच्या उंचीवरून तोड केव्हाची याचा अंदाज बांधता येतो.

उपग्रहाच्या चित्रांत नोव्हेंबर आणि एप्रिल शेजारी ठेवू नकोस. आपल्याकडचा साग, सालई उन्हाळ्यात पानं टाकतात, मग उभं जंगलही तोडल्यासारखं दिसतं. नोव्हेंबरला दुसऱ्या वर्षीचा नोव्हेंबरच लाव.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतली वेळ-जागेची नोंद पुसली जाते. मूळ फाइल फोनमध्येच राहू दे, आणि सगळे फोटो एकाच फोनने काढ. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे असे फोटो पुरावा म्हणून कोर्टात देताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. चार जणांचे चार फोन म्हणजे चार जणांच्या सह्या गोळा करणं आलं.

माहिती अधिकारात 'तोड का झाली' असं विचारू नकोस. कागद माग: कक्ष (जंगलाचा नंबर दिलेला तुकडा) क्रमांकासह मार्किंगची, म्हणजे तोडीसाठी खूण केलेल्या झाडांची यादी, कार्य आयोजनेची (वनखात्याच्या वर्किंग प्लॅनची) त्या कक्षाची पानं, वाहतूक परवाने. फी 10 रुपये, मुदत 30 दिवस. कार्य आयोजना आधी मिळव, कारण जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यात 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने मंजूर आयोजनेबाहेरची तोड थांबवली होती.

भोपाळच्या हरित न्यायाधिकरणात जायची घाई मात्र नको. ज्या कायद्यांखालची प्रकरणं ते ऐकतात त्यांच्या अनुसूचीत 1980 चा वनसंरक्षण कायदा आहे, 1927 चा वन कायदा नाही. नुसत्या लाकूडचोरीचं प्रकरण तिथे टिकायचं नाही. वनजमिनीचा वापरच बदललाय हे दाखवावं लागेल, तेही सहा महिन्यांच्या आत.

त्यापेक्षा वनाधिकार कायद्याच्या कलम 5 खाली गावाचा ठराव आधी कर. जंगल राखायचा अधिकार तिथे ग्रामसभेलाही आहे. निम्मी ग्रामसभा हजर हवी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. बायका कमी पडल्या म्हणून ठराव बाद होऊ देऊ नकोस. सभा मोह वेचायच्या दिवसांत ठेवूच नकोस.

जंगलात एकटी जाऊ नकोस. 2022 मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगरकडे वनचौकीतल्या बंदुकाच लुटून नेल्या होत्या. गावातले दोघं-तिघं सोबत घे, आणि तोडणारे दिसले तर फोटो न काढता परत फीर.

अर्जाचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव. कक्ष क्रमांक रिकामा राहिला तरी चालेल, मी नकाशावरून बघून घालतो.

तुझा
बाबा